नळी ठेवायची की नाही, हे चिठ्ठी ठरवणार?

*‘माझ्या सासूबाई ६३ वर्षांच्या आहेत. चार वर्षांपूर्वी आतड्याला पीळ पडला म्हणून त्यांचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. गेल्या दिवाळीपासून त्याच जुन्या टाक्यांच्या रेषेवर फुगवटा येतो. उभं राहिलं की बाहेर, आडवं झालं की आत. डॉक्टर म्हणाले, इन्सिजनल हर्निया आहे, जाळी बसवावी लागेल. तारीख मिळाली. परवा तपासण्यांसाठी गेलो तेव्हा एका तरुण डॉक्टरांनी आम्हाला बाजूला बसवून सांगितलं की इथे एक अभ्यास चालू आहे: जाळी बसवल्यावर कातडीखाली नळी ठेवलेली बरी की न ठेवलेली. कुणाला नळी लागणार ते कॉम्प्युटरची चिठ्ठी ठरवणार. सात पानांचा फॉर्म दिला. त्यात जंतुसंसर्ग, रक्तस्राव, पुन्हा ऑपरेशन, मृत्यू, सगळंच लिहिलंय. दीर म्हणतात, सरळसरळ आपल्यावर प्रयोग करतायत, सही करायची नाही. मिस्टर म्हणतात, नाही म्हटलं तर डॉक्टर मनात धरतील. जाऊबाईंचं म्हणणं, करायचंच तर बिलात सूट मागा. आम्ही सही करावी का?’*

*एक वाचक, कळवा*

तुमच्या पत्रात घरातली चार माणसं बोलतात: तुम्ही, मिस्टर, दीर आणि जाऊबाई. ज्यांच्या पोटाला जाळी लागायची आहे त्या सासूबाई काय म्हणाल्या, ते मात्र कुठेच नाही. त्याकडे मी येणारच आहे. आधी दिरांचं बघू, कारण घरात सगळ्यात मोठा आवाज त्यांचा दिसतोय.

त्यांना सांगा, प्रयोगच आहे तो. पण लिहून, विचारून, तुमच्या डोळ्यांदेखत चाललेला. न विचारता होणारे प्रयोग तर आम्ही सर्जन मंडळी जन्मभर करत आलो. मी ठाण्यात एकतीस वर्षं पोटं उघडली आणि शिवली. हर्नियाची जाळी बसवली की मी हमखास नळी ठेवायचे. का? तर माझ्या सरांनी तसं शिकवलं होतं. शेजारच्या ओपीडीत बसणारे माझे एक सहकारी कधीच ठेवायचे नाहीत, कारण त्यांच्या सरांना नळीची चीड होती. पेशंट सोमवारी आला तर माझ्याकडे, म्हणजे नळी. गुरुवारी आला तर त्यांच्याकडे, म्हणजे बिननळी. ही चिठ्ठीच झाली की! फक्त ती कुणी उघडपणे काढत नव्हतं आणि पुढे काय झालं ते कुणी लिहून ठेवत नव्हतं.

नळीचा वाद नेमका काय आहे तोही समजून घ्या. जाळी पसरायला जागा करावी लागते, त्यासाठी पोटाचे थर एकमेकांपासून सोडवतो. मग तिथे पोकळी राहते आणि पोकळीत पाणी साठतं. त्याला आम्ही सेरोमा म्हणतो. नळी ते पाणी बाहेर काढते, ही तिची चांगली बाजू. पण बाहेरच्या जंतूंना आत शिरायला तीच वाट मिळू शकते, आणि जाळीला जंतू चिकटले की प्रकरण महिनोन्‌महिने चालतं. शिवाय नळी टोचते, तिची बाटली पिशवीत घालून हिंडावं लागतं, रात्री कूस वळताना ओढ बसते. उलट, बरेचसे सेरोमा काही न करता आपोआप जिरून जातात. म्हणजे दोन्ही पारड्यांत काही ना काही आहे. जगभरातले अभ्यास गोळा करून त्यांचा अर्क काढणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे. तिने २०१३ मध्ये हाच प्रश्न घेतला होता आणि निष्कर्ष असा निघाला, की नळी ठेवावी किंवा ठेवू नये, हे ठामपणे सांगण्याइतका पुरावाच हातात नाही. तेव्हा ‘आम्हाला माहीत नाही म्हणून शोधतोय’ असं त्या तरुण डॉक्टरांनी सांगितलं असेल तर ते खरं बोलले. आमच्या धंद्यात हे वाक्य ऐकायला मिळत नाही फारसं.

मग चिठ्ठी कशाला, डॉक्टरांनाच ठरवू द्या की, असं तुम्हाला वाटेल. गंमत अशी, की डॉक्टरने ठरवलं की निकाल बिघडतो. माझ्या हातात असतं तर मी मोठ्या हर्नियाला, जाड पोटाला, डायबेटिसवाल्याला आठवणीने नळी ठेवली असती आणि लहानसहान हर्निया तसेच शिवले असते. वर्षभराने हिशेब मांडला तर नळीवाल्यांच्या जखमा जास्त चिघळलेल्या दिसल्या असत्या, आणि दोष नळीच्या माथी गेला असता. मुळात अवघड पेशंटच तिच्या वाट्याला दिले होते, हे कोण बघतो? चिठ्ठीने दोन्हीकडे अवघड आणि सोपे पेशंट साधारण सारखे वाटले जातात. म्हणून चिठ्ठी.

आता माझीच एक गोष्ट सांगते, कारण तुमच्या फॉर्ममध्ये ‘३० व्या आणि ९० व्या दिवशी फोन’ असं कलम नक्की असणार आणि ते तुम्हाला बिनमहत्त्वाचं वाटणार.

निवृत्तीच्या आधी मी छातीठोकपणे सांगायचे, माझ्या टाक्यांवर हर्निया होत नाही. मग एकदा जांभळी नाक्याच्या मंडईत मेथी निवडताना एक बाई भेटल्या. माझ्याच पेशंट. आठ वर्षांपूर्वी त्यांचं पोट मी शिवलं होतं. मी विचारलं, ‘काय, बरं आहे ना सगळं?’ त्या संकोचून म्हणाल्या, ‘हो, मध्ये हर्निया झाला होता, तो मुलुंडला करून घेतला. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तुमच्याकडे आले नाही.’ हातातली जुडी तशीच राहिली माझ्या. जे परत आले नाहीत ते बरे झाले, असं मी तीस वर्षं धरून चालले होते. खरं तर ते दुसऱ्या डॉक्टरकडे गेले होते. माझ्या ‘शून्य हर्निया’त अशा किती बायका असतील, ते मोजायला माझ्याकडे वहीसुद्धा नव्हती.

अभ्यास करतो म्हणजे मुख्यतः हेच करतो. न आलेल्या माणसाच्या मागे जातो, त्याला फोन करतो, जखम कशी आहे विचारतो आणि उत्तर आवडो न आवडो, लिहून ठेवतो.

सासूबाईंना आज जाळी सुचवली तीसुद्धा अशा लिहून ठेवण्यामुळेच. नेदरलँड्समधल्या सर्जननी असे हर्निया नुसते शिवलेले आणि जाळी लावलेले, दोन्ही गट चिठ्ठीने पाडले. २००० साली निकाल छापला: तीन वर्षांत नुसते शिवलेल्यांपैकी ४३ टक्क्यांचा हर्निया परत आला, जाळीवाल्यांपैकी २४ टक्क्यांचा. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. दहा वर्षांनी आकडे ६३ आणि ३२ टक्के. म्हणजे जाळीनेसुद्धा तिघांतल्या एकाचा परत येतो, हे तुम्हाला ऑपरेशनआधी कुणी सांगितलंय का? नसेल तर विचारा. आणि जाळीलाही स्वतःचे त्रास आहेत. डेन्मार्कमध्ये देशभरातल्या हर्नियांची नोंदवही असते. तिच्यावरून २०१६ मध्ये दिसलं, की पाच वर्षांत जाळीच्याच तक्रारीमुळे पुन्हा ऑपरेशनची वेळ उघड्या पद्धतीत ५.६ टक्के आणि दुर्बिणीच्या पद्धतीत ३.७ टक्के लोकांवर आली. तरी जाळी लावावी, असंच मी म्हणेन. पण डोळे उघडे ठेवून.

हर्निया मुळात का झाला, याचाही माग असाच काढला गेलाय. पोट शिवताना टाके मोठे आणि लांब-लांब घ्यायचे, अशी आमची पिढीजात सवय. माझीही. डच लोकांनीच ५६० पेशंटांवर तुलना केली: एकीकडे एक-एक सेंटिमीटरचे नेहमीचे टाके, दुसरीकडे अर्ध्या सेंटिमीटरचे बारीक आणि जवळ-जवळ. २०१५ मध्ये कळलं, वर्षभरात हर्निया मोठ्या टाक्यांत २१ टक्के, बारीक टाक्यांत १३ टक्के. गोधडीला बारीक टाका घालावा हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं, पोटाबाबत आम्हाला २०१५ उजाडावं लागलं.

‘हे सगळं तिकडचं, इकडे आपले लोक उंदीर’ असं दीर म्हणतील. तर इकडचंही सांगते. पोटाची जखम बंद करण्याआधी सगळ्यांनी हातमोजे बदलायचे आणि हत्यारांचा नवा संच घ्यायचा, बास, एवढाच प्रश्न घेऊन एक मोठा अभ्यास झाला. भारत, नायजेरिया, मेक्सिको, रवांडा असे सात देश, ८१ हॉस्पिटलं, १३,३०१ पेशंट. नेहमीच्या पद्धतीत १८.९ टक्के जखमा पिकल्या, मोजे आणि हत्यारं बदलल्यावर १६. हा निकाल २०२२ चा. त्याच मंडळींनी आदल्या वर्षी बघितलं होतं, की कातडी साफ करायला महागडं अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडिन आणि जंतुनाशक लावलेला धागा वापरून नेहमीच्या पोव्हिडोन आयोडिनपेक्षा आणि साध्या धाग्यापेक्षा काही फायदा होतो का. नाही झाला. ही बातमी मला जास्त आवडते. फायदा नाही हे कळलं की पेशंटचे पैसे वाचतात, आणि ते सांगायला कुठल्याही कंपनीचा माणूस येत नाही.

अगदी खाडीपलीकडचं उदाहरण हवं असेल तर खारघरला अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आहे, ते ज्या टाटा मेमोरियल सेंटरचा भाग, त्या टाटाच्या डॉक्टरांनी देशातल्या ११ केंद्रांत मिळून १,५८३ बायकांचा हिशेब मांडला. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन सुरू करण्याआधी गाठीभोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन द्यायचं. दात काढताना हिरडी बधिर करतात तेच औषध, किंमत किरकोळ. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. त्या बायकांच्याही घरी कुणीतरी दीर ‘सही करायची नाही’ म्हणाले असणार.

आता तुमचा फॉर्म. बहुधा तुमची दोन कागदांत गल्लत झालीय. एक असतो ऑपरेशनचा संमतिपत्र आणि दुसरा अभ्यासाचा. मृत्यू, रक्तस्राव वगैरे जे तुम्ही वाचलंत ते अभ्यासात नसणाऱ्या पेशंटलाही लागू आहे. पोट उघडण्यातला धोका आहे तो. अभ्यासामुळे त्यात वेगळी भर काय पडते, एवढंच त्या दुसऱ्या कागदात शोधा. आणि ‘गुंतागुंत’ हा शब्द दिसला की एकदम वाईटातलं वाईट मनात आणू नका. सर्जन लोक तिच्या पायऱ्या पाडतात. २००४ मध्ये ६,३३६ पेशंटांवर पडताळलेली एक पद्धत बहुतेक अभ्यासांत वापरतात, आणि तिचं शहाणपण असं की त्रास किती झाला हे विचारण्याऐवजी त्यासाठी काय करावं लागलं, हे ती विचारते. खाटेशेजारीच जखम उघडून पू काढला, ही पहिली पायरी. खास औषधं किंवा रक्त द्यावं लागलं, दुसरी. पुन्हा ऑपरेशन टेबलावर घ्यावं लागलं, तिसरी. आयसीयू, चौथी. मृत्यू, पाचवी. तेव्हा डॉक्टरांना ‘गुंतागुंत किती जणांना होते’ असं मोघम विचारू नका. ‘किती जणांना परत आत घ्यावं लागतं’ असं विचारा.

त्यांच्याकडून अभ्यासाचा सीटीआरआय क्रमांक मागून घ्या. ही भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची, २००७ पासूनची, इंटरनेटवर फुकट बघता येते. १ एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घेण्याच्या आधीच तिथे नोंद करावी लागते, की आम्ही काय शोधणार आणि कशावरून ठरवणार. नाहीतर पेपर लिहून झाल्यावर प्रश्नपत्रिका काढल्यासारखं होतं. एथिक्स कमिटीच्या, म्हणजे अभ्यास नीतीला धरून आहे ना हे तपासणाऱ्या समितीच्या, मंजुरीचं पत्रही बघायला मागा. २०१९ च्या नियमांप्रमाणे औषध-चाचण्यांच्या अशा कमिटीत किमान सात जण लागतात, निम्मे त्या हॉस्पिटलबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचाच. एक कायदा जाणणारा, एक बाई आणि एक अगदी तुमच्या-आमच्यासारखा सामान्य माणूस. फॉर्मवर कमिटीच्या माणसाचा नंबर असतो. तो शोभेचा नाही, काही खटकलं तर तिथे फोन करायचा. क्रमांक आणि पत्र दोन्ही दाखवायला कुणी कां-कूं करू लागलं, तर मात्र दिरांचं ऐका.

मिस्टरांची भीती मला कळते. आपल्याकडे डॉक्टरला ‘नाही’ म्हणणं म्हणजे सोयरीक मोडल्यासारखं वाटतं. नकार दिला तरी ऑपरेशन ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या डॉक्टरांकडून, तसंच होणार, हे फॉर्ममध्ये मराठीत लिहिलेलं असायला हवं. आज हो म्हणून उद्या मागे फिरण्याची मुभाही. लिहिलेलं असूनही कुणी तोंड वाकडं केलं, तर ते त्या माणसाचं चुकलं. होतं असं कधीकधी, नाही म्हणत नाही मी. म्हणून नकार द्यायचा असेल तर अभ्यासवाल्या डॉक्टरांना आणि मोठ्या सर्जनना दोघांना सांगा, म्हणजे मधल्या मधे निरोप बदलत नाही.

जाऊबाईंना सांगा, सूट मागू नका, हिशेब मागा. अभ्यासासाठी म्हणून जी जादा तपासणी असेल, जादा सोनोग्राफी असेल, तिचा एक रुपयाही तुमच्याकडून घेता कामा नये. फक्त अभ्यासासाठी कळव्याहून येण्या-जाण्याची फेरी पडत असेल तर रिक्षाभाडं मागण्यात काही कमीपणा नाही. अभ्यासामुळेच इजा झाली तर उपचार कोण करणार आणि भरपाई कोण देणार, ते नावानिशी लिहिलेलं हवं. पण ‘सही करा, बिल निम्मं करतो’ असं कुणी म्हणालं तर उठून या. पैशाकडे बघून केलेल्या सहीला संमती म्हणत नाहीत.

माझं मत विचाराल तर क्रमांक मिळाला, मंजुरीचं पत्र दिसलं आणि घरी फोन कोण करणार त्या माणसाचं नाव कळलं, तर सासूबाईंच्या जागी मी असते तर सही केली असती. अभ्यासातल्या पेशंटची जखम कुणीतरी ठरलेल्या दिवशी बघतोच बघतो, आणि गर्दीच्या ओपीडीत ही लहान गोष्ट नाही.

पण मी सासूबाई नाही, आणि तुम्हीही नाही. ‘आम्ही सही करावी का’ असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही करायचीच नाहीये. त्या शुद्धीवर आहेत, शहाण्या आहेत, सही त्यांची. वाचता येत नसेल तर कुणीतरी मराठीतून सगळा फॉर्म वाचून दाखवायचा, शेजारी एक तटस्थ साक्षीदार बसवायचा (घरचाही नको, त्या अभ्यासातलाही नको) आणि मग अंगठा. फॉर्म आजच घरी घेऊन या. तिथल्या तिथे सही हवी असा आग्रह कुणी धरू नये आणि तुम्हीही धरू देऊ नका. रात्री जेवणं आटोपली, टीव्ही बंद झाला, की चौघांनी गप्प बसायचं आणि त्यांना विचारायचं. पहिल्यांदा त्या म्हणतील, ‘तुम्ही ठरवाल ते.’ ते उत्तर धरू नका. दुसऱ्यांदा विचारा. नळी घेऊन हिंडायला त्यांना लाज वाटत असेल, किंवा चार वर्षांपूर्वीच्या नळीचा त्रास अजून आठवत असेल. हे त्या डॉक्टरांना सांगणार नाहीत, मुलालाही नाही. तुम्हाला सांगतील कदाचित.

अभ्यास असो वा नसो, एक गोष्ट थांबायची नाही. तारखेच्या आधी फुगवटा कडक झाला, दुखायला लागला, आडवं झाल्यावरही आत जाईना, उलट्या सुरू झाल्या किंवा गॅस सरायचं बंद झालं, तर रात्री दोन वाजले असले तरी कॅज्युअल्टी गाठा. तिथे फॉर्म, चिठ्ठी काही विचारायचं नाही. ऑपरेशननंतर ताप आला, टाक्यांभोवतीची लाली पसरत गेली किंवा पू दिसला, तर ३० व्या दिवसाच्या फोनची वाट बघत बसू नका.

आणि मशेरी. तुम्ही लिहिलेलं नाही, पण त्या वयाच्या बाई आहेत म्हणून विचारते. तपासणीच्या कागदावर ‘धूम्रपान?’ असा रकाना असतो, बायका खऱ्याच ‘नाही’ म्हणतात आणि नर्स तिथे काट मारते. डबी कमरेला खोचलेली असते. लावत असतील तर तुम्ही स्वतः भूल देणाऱ्या डॉक्टरांना आणि अभ्यासवाल्यांना सांगा. सासूबाई चिडतील दोन दिवस. त्यांचा खोकला आणि बद्धकोष्ठही आत्ताच सांगून टाका, दोन्हीने नव्या टाक्यांवर जोर येतो.

फॉर्मवर नंबर देताना मिस्टरांचा देऊ नका. ते दिवसभर कामावर असणार आणि अनोळखी नंबर बघून कापणार. दुपारी सासूबाईंच्या शेजारी जो फोन वाजतो, त्याचा द्या.